लघवीचा रिपोर्ट आणि पस सेलची धास्ती

प्रश्न: नमस्कार डॉक्टर. मी बार्शीची, वय 34. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये लघवी तपासली तर रिपोर्टमध्ये पस सेल 10-12, एपिथेलियल सेल 15-20, प्रोटीन ट्रेस, नायट्राइट निगेटिव्ह असं आलं. मला त्रास काहीच नव्हता, ना जळजळ ना ताप. तरी मेडिकलवाल्याने पाच दिवसांची अँटिबायोटिक दिली, ती संपवून परत टेस्ट केली तर पस सेल 8-10. आता तो म्हणतो जास्त पॉवरची गोळी घ्या. माझी किडनी खराब झालीय का?

उत्तर: ताई, ती जास्त पॉवरची गोळी अजिबात घेऊ नका. तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टमध्ये सगळ्यात महत्त्वाचा आकडा पस सेलचा नाहीये, त्याच्या शेजारचा एपिथेलियल सेलचा आहे, आणि नेमकं त्याच्याकडेच कुणी बघत नाही.

लॅबमध्ये काय होतं ते सांगते. तुमच्या डबीतली साधारण 10 मिली लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन सेंट्रिफ्यूजमध्ये पाचेक मिनिटं फिरवतात, मग वरचं पाणी ओतून टाकतात आणि तळाशी जो गाळ उरतो त्याचा एक थेंब काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघतात. त्यात पस सेल दिसतात छोट्या, गोल, आतमध्ये दाणेदार, ह्या आपल्या पांढऱ्या पेशीच असतात. आणि एपिथेलियल सेल दिसतात मोठ्या, चपट्या, कडा दुमडलेल्या, चुरगळलेल्या पापडासारख्या. ह्या मोठ्या चपट्या पेशी किडनीतून येत नाहीत, त्या बाहेरच्या त्वचेच्या, योनीमार्गाच्या आणि मूत्रमार्गाच्या अगदी शेवटच्या तुकड्याच्या असतात. त्या 15-20 दिसल्या म्हणजे लघवी डबीत पडताना बाहेरचं बरंच काही सोबत आलंय, आणि मग त्या पस सेलसुद्धा तिथल्याच असू शकतात, थोडा पांढरा स्त्राव जात असला तरी एवढ्या पस सेल सहज दिसतात. अँटिबायोटिक घेऊनही आकडा फारसा हलला नाही त्याचं कारणही बहुतेक हेच.

म्हणून सॅम्पल परत द्या, पण नीट द्या. पाळी चालू असेल तर संपून दोन-तीन दिवस जाऊ द्यात. ती जागा साध्या पाण्याने पुढून मागे अशी धुवा, साबण-डेटॉल काही नको. पहिली धार संडासात जाऊ द्या, मधली धार डबीत घ्या, शेवटची परत बाहेर. डबी लॅबचीच घ्यायची, घरी धुतलेली जॅमची बाटली नको कारण साबणाचा अंश राहिला तरी काही टेस्ट चुकतात. आणि सॅम्पल तासाभरात लॅबला पोचलं पाहिजे, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवा. आपल्याकडे सकाळी सातला भरलेली डबी नवऱ्याच्या स्कूटरच्या डिकीत दहापर्यंत फिरते, आणि उन्हाळ्यात त्या तीन तासांत जंतू इतके वाढतात की धड माणसाचा रिपोर्ट आजारी माणसासारखा येतो. मला ह्या गोष्टीची खरंच तळमळ वाटते, कारण टेस्ट स्वस्त आहे, चांगली आहे, आणि फक्त सॅम्पल कसं द्यायचं हे कुणी दोन मिनिटं सांगत नाही म्हणून लोक विनाकारण गोळ्या खातात.

नायट्राइट निगेटिव्ह ही तुमच्या बाजूची गोष्ट आहे, पण पूर्ण खात्री नाही. ई. कोलाय सारखे जंतू लघवीतल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, त्यासाठी लघवी तीन-चार तास तरी मूत्राशयात थांबावी लागते, आणि काही जंतू हे करतच नाहीत. खरोखर इन्फेक्शन आहे का, कुठल्या जंतूचं आणि कुठलं औषध चालेल, हे युरिन कल्चरमध्ये कळतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. पण त्रास नसताना कल्चर करून लघवीत जंतू सापडले तरी बहुतेक वेळा औषध लागत नाही. ह्याला मोठा अपवाद गरोदर बाईचा, तिला त्रास नसला तरी उपचार करावेच लागतात, तेव्हा दिवस गेले असतील तर डॉक्टरांना तसं आधी सांगा. पुढच्या नीट दिलेल्या सॅम्पलमध्येही पस सेल आल्याच तर फिजिशियन किंवा गायनॅकॉलॉजिस्टला दाखवा, मेडिकलच्या काउंटरवर नको.

प्रोटीन ट्रेसचं, म्हणजे अगदी थोड्या प्रोटीनचं, म्हणाल तर सकाळची घट्ट लघवी, ताप, आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम, एवढ्यानेही ते येतं. परत परत आलं तर मात्र सोडून द्यायचं नाही. किडनी खराब झालीय का हे पस सेलवरून ठरत नाही, त्यासाठी रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो एक टाकाऊ पदार्थ, आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, बघतात, सोबत लघवीतलं प्रोटीन आणि ब्लड प्रेशर.

प्रश्न: वडील 61 वर्षांचे, डायबेटिस आहे, आम्ही सांगलीला असतो. रक्तातली साखर आता चांगली कंट्रोलमध्ये आहे पण लघवीच्या रिपोर्टमध्ये शुगर चार प्लस आली. हे कसं काय? लॅब चुकली का?

उत्तर: दादा, वडिलांच्या गोळ्यांची पट्टी बघा, नावात शेवटी ग्लिफ्लोझिन आहे का, म्हणजे डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन असं काही. असेल तर लॅब बरोबर आहे आणि गोळीही तिचं काम करतेय.

हे समजायला किडनी काय करते ते थोडं बघावं लागेल. दोन किडन्या, कमरेच्या वर पाठीकडच्या बाजूला, साधारण मुठीएवढ्या, उजवी जराशी खाली कारण तिच्या वर लिव्हर बसलेलं. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा तरी सतत ह्या दोघींकडे जातो. प्रत्येकीत जवळपास 10 लाख नेफ्रॉन, म्हणजे बारीक गाळण्या आणि त्यांना जोडलेल्या नळ्या. दिवसभरात ह्या गाळण्यांतून सुमारे 180 लिटर पाणी गाळून निघतं आणि आपण लघवी करतो दीड-दोन लिटर, मग बाकीचं गेलं कुठे, तर पुढच्या नळ्या ते परत रक्तात ओढून घेतात, सोबत साखर, मीठ, जे जे उपयोगी ते सगळं. मला स्वतःला किडनीचं खरं कौतुक ह्या परत ओढून घेण्याचंच वाटतं.

साखर साधारणपणे पूर्ण परत घेतली जाते. रक्तातली साखर 180 च्या आसपास पोचली की नळ्यांची क्षमता संपते आणि उरलेली लघवीत उतरते, म्हणून पूर्वी लघवीतल्या साखरेवरून डायबेटिस ओळखायचे. ह्या नव्या गोळ्या ती परत ओढायची वाटच अडवतात, त्यामुळे रक्तात 120 असली तरी लघवीत चार प्लस दिसणारच. मनाने गोळी बंद करू नका. ह्या गोळ्यांनी साखर कमी होते तशीच अनेक पेशंटमध्ये हृदयाची आणि किडनीची राखणही होते. एवढंच की लघवीच्या जागी खाज, लाली, पांढरट थर असं बुरशीचं इन्फेक्शन होऊ शकतं, वडील संकोचाने सांगणार नाहीत, तुम्ही विचारा. आणि उलट्या-जुलाब, उपास किंवा ऑपरेशन असेल तेव्हा ही गोळी थांबवायची का हे डॉक्टरांना विचारून घ्या.

त्यांची साधी युरिन रूटीन करताय त्यासोबत वर्षातून एकदा एसीआर नावाची टेस्ट करा, लघवीतलं अल्ब्युमिन (हे एक प्रोटीनच) आणि क्रिएटिनिन ह्यांचं प्रमाण. लॅबमध्ये लघवीत बुडवतात त्या साध्या पट्टीवर अगदी थोडं अल्ब्युमिन दिसतच नाही, आणि डायबेटिसमध्ये किडनीला धक्का लागतो तेव्हा बहुतेकदा सुरुवात त्या थोड्यानेच होते. 30 च्या खाली असेल तर ठीक, वर गेलं तर परत करून खात्री करायची. ह्या टप्प्यावर कळलं तर हातात खूप काही असतं. क्रिएटिनिन वाढायची वाट बघत बसलो तर तोवर बरीच किडनी गेलेली असते, आणि दुखत तर काहीच नाही.

प्रश्न: माझी फिरतीची नोकरी, दिवसभर गावोगाव. धड संडास मिळत नाही म्हणून मी सकाळपासून पाणीच कमी पिते. दर उन्हाळ्यात मला उन्हाळी लागते, थेंब थेंब होते आणि आग होते. आई धने-जिऱ्याचं पाणी देते. ते पुरेल का?

उत्तर: धने-जिऱ्याचं पाणी प्या, निदान पाणी तरी पोटात जातं, पण इन्फेक्शन असेल तर त्याने जाणार नाही. जळजळीवरचं मेडिकलमधलं सिरपही तसंच, आग कमी करतं, जंतू मारत नाही. नुसतं पाणी कमी पडल्याने लघवी घट्ट होऊन आग होते ती दोन दिवस भरपूर पाणी प्यायल्यावर जाते. पण वारंवार लागणं, थेंब थेंब होणं, ओटीपोटात दुखणं हे असेल तर इन्फेक्शन धरून चालायचं. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंटीमीटरचा, पुरुषांचा त्याच्या चार-पाच पट, म्हणून जंतू आपल्याकडे पटकन मूत्राशयात पोचतात आणि लघवी वाहत नसली की तिथे ठाण मांडतात. मूत्राशयात 400-500 मिली मावतं, अर्ध्या वाटेवरच जाणीव होते, ती रोज दाबून धरायची नाही. घरून निघताना आणि पोचल्यावर जा, मधल्या वेळेसाठी ज्या गावात जाता तिथल्या अंगणवाडीत, शाळेत, ओळखीच्या घरात विचारा, ह्यात लाज कसली. संबंधांनंतरही लघवीला जाऊन या.

थंडी वाजून ताप आला, कमरेच्या वर एका बाजूला दुखलं, उलट्या झाल्या किंवा लघवीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, इन्फेक्शन वर किडनीपर्यंत गेलेलं असू शकतं किंवा मुतखडा असेल. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असं झालं तर नुसत्या गोळ्यांवर न भागवता कल्चर आणि सोनोग्राफी करून घ्या. कल्चरचं सॅम्पल अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी द्यायचं, आणि चुकून एखादी गोळी आधीच गेली असेल तर लॅबवाल्यांना तसं सांगा, म्हणजे रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी इन्फेक्शन नाहीच असं डॉक्टर लगेच धरणार नाहीत.