'अल्फा मेल'ला मराठीत काय म्हणायचं?

एका वाचकाने विचारलंय: "एका परदेशी नेत्यावरच्या लेखाचं भाषांतर करत होतो. त्याला 'अल्फा मेल', म्हणजे कळपावर हुकमत गाजवणारा नर, म्हटलं होतं. मी 'म्होरक्या' लिहिलं, संपादकांनी ते खोडून 'नरश्रेष्ठ' केलं. मराठीत याला शब्दच नाही का? आणि 'मात्स्यन्याय' इथे बसेल का?"

'नरश्रेष्ठ' महाभारतात वैशंपायनाच्या तोंडी शोभतो. तिथेच राहू द्या.

शब्द नाही असं मात्र नाही. 'हुप्प्या' आहे की! काळ्या तोंडाच्या वानरांच्या टोळीत बहुधा एकच मोठा नर असतो. 'हुप्प' असा आवाज काढत तो झाडावरून झाडावर झेप घेतो, म्हणून हुप्प्या. लहानपणी आजोळी कौलांवर धाडकन काहीतरी आदळलं की आजी चूल सोडून अंगणात धावायची, "हुप्प्या आला रे, पोरांना आत घ्या!" माद्या आणि पिल्लं पेरूवर तुटून पडलेली असायची, हा मात्र आढ्यावर बसून दात करकरा वाजवायचा. फुटलेल्या कौलांचा हिशोब आजोबा हुप्प्याच्याच नावावर मांडत, टोळीच्या नव्हे.

या हुप्प्याचं राज्य फार दिवस टिकत नाही. टोळीबाहेर हिंडणारे नर टपलेलेच असतात. १९६०च्या दशकात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने धारवाडजवळच्या वानरांत पाहिलं, की जुन्या नराला हुसकावून टोळी ताब्यात घेणारा नवा नर अंगावरची पिल्लं मारून टाकतो. पुढे अमेरिकी संशोधक सारा हर्डी यांनी राजस्थानातल्या अबूच्या वानरांवरून त्याचा अर्थ लावला: पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, आणि नव्या नराला आपला वंश वाढवायला हातात वेळ थोडाच असतो. सगळ्यांना हे पटलं नाही, बरीच वर्षं वाद चालला. सत्तापालट झाला की आधीच्याने आणलेल्या योजना पहिल्या आठवड्यात गुंडाळायच्या, हे आपण पाहतोच. पण तिथे कारण वंशाचं नसतं, म्हणून ही तुलना गमतीपुरतीच.

आता 'म्होरक्या'. म्होरं चालतो तो म्होरक्या. पुढे चालतो तो पुढारी. घडण एकच, अर्थही एकच. पण एक शब्द 'दरोडेखोरांच्या टोळीचा म्होरक्या जेरबंद' या मथळ्यात गेला आणि दुसरा सभेच्या व्यासपीठावर. तुमच्या संपादकांची काट मला समजते ती एवढ्यासाठीच. (बैलाच्या तोंडाला बांधतात ती 'म्होरकी'. म्हणजे हत्तींच्या कळपाला वाट दाखवणाऱ्या थोरल्या हत्तिणीला हा शब्द वापरायचीही सोय राहिली नाही.)

खरी गंमत अशी, की 'अल्फा' राजकारणात रुळला तो चिंपांझींच्या वाटेने, आणि चिंपांझींना 'हुप्प्या' अजिबात लागू पडत नाही. नेदरलँड्समधल्या आर्नेमच्या प्राणिसंग्रहालयात प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक फ्रान्स द वाल यांनी येरून, लाउट आणि निकी या तीन नरांची चढाओढ टिपली. लाउटने म्हाताऱ्या येरूनला खाली खेचलं. मग येरूनने तरुण निकीला हाताशी धरलं आणि लाउटला खाली आणवलं. गादीवर निकी, पण त्याची गादी टिकवणारा येरून. १९८०मध्ये त्या दोघांनी मिळून लाउटला इतकं जखमी केलं की तो मेला. द वाल यांचं यावरचं पुस्तक १९८२ साली आलं आणि १९९४मध्ये रिपब्लिकन पक्षाचे नेते न्यूट गिंगरिच यांनी ते अमेरिकी काँग्रेसच्या नव्या सदस्यांना वाचायला सुचवलं. यात दांडगाई कमी आणि बेरजेचं राजकारण जास्त. त्याला मराठीत 'पुढारी' हाच शब्द चपखल, आणि येरूनला 'किंगमेकर'. तो शब्द आता आपलाच झालाय.

'अल्फा'चं मूळ मात्र लांडग्यांत. प्राणिशास्त्रज्ञ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७मध्ये पिंजऱ्यातल्या लांडग्यांवर लिहिलं. एकमेकांना अनोळखी प्राणी एकत्र कोंडले, तर ते भांडणारच. लांडग्यांचे अमेरिकी अभ्यासक डेव्हिड मेक यांनी आधी हीच कल्पना आपल्या पुस्तकातून पसरवली, मग कॅनडाच्या उत्तरेला एल्समिअर बेटावर रानातले लांडगे वर्षानुवर्षं पाहिले आणि १९९९मध्ये लिहिलं, की कळप म्हणजे बहुतेकदा एक जोडपं आणि त्यांची पोरं. पुढे चालणारे 'अल्फा' म्हणजे निव्वळ आईबाप. सरकारदरबारी अर्ज करताना आपण 'मायबाप सरकार' लिहीत आलो, ते लांडग्यांच्या बाबतीत शब्दशः खरं निघालं!

'मात्स्यन्याय' इथे नको. मोठा मासा लहान माशाला गिळतो ती स्थिती राजा नसतानाची. कौटिल्याच्या 'अर्थशास्त्रा'त मात्स्यन्यायाला कंटाळूनच लोक मनूला राजा करतात. त्याच्या जवळचा शब्द 'बेबंदशाही'.

तेव्हा तुमच्या वाक्यात मी 'दांडगा पुढारी' लिहीन. टिंगलीचा सूर असेल तर बिनधास्त 'हुप्प्या'. आणि कधी लांडग्यांवरचा लेख हाती आला, तर 'कळपातलं थोरलं जोडपं'.