सोडा राहू दे, आधी अंगठी काढा

“काल मधमाशी चावली, आज सूज मनगटापर्यंत आलीय, सोडा लावू की व्हिनेगर?” हे तुमचं वाचलं आणि तीन वर्षांपूर्वीचं माझंच बोट डोळ्यासमोर आलं. काटा काढला असेलच, असं धरून चालतो. त्या हातात अंगठी किंवा कडं असेल तर आत्ता काढा, बाकीचं नंतर वाचा.

मला अनामिकेला चावली होती. आधी चिमटा शोधण्यात वेळ घालवला. काट्यासोबत विषाची पिशवीही कातडीत राहते आणि ती विष सोडत असते, त्यामुळे नखाने का होईना, पटकन काढणं महत्त्वाचं, हे नंतर कळलं. मग सोडा, त्यावर व्हिनेगर, मग कांदा, मग टूथपेस्ट. तासभर हा उद्योग चालला आणि अंगठी बोटातच! ठणका कमी झाला म्हणून खुशाल झोपलो. सूज दोन दिवस वाढत राहू शकते हे कुणाला माहीत होतं? सकाळी बोट टम्म आणि जांभळं. साबण झाला, तेल झालं, दोरा गुंडाळून झाला. शेवटी कापावी लागली (अंगठी हो, बोट नाही). लग्नातली होती. घरात तो विषय मी अजून काढत नाही.

त्यात ज्या दवाखान्यात गेलो (नाव घेत नाही) तिथे अंगठी कापायचं हत्यारच नव्हतं, पण हे सांगायला त्यांना दोन तास लागले. वर, कधी चावली हे न विचारताच ‘इन्फेक्शन’ म्हणून अँटिबायोटिक लिहून दिलं. पोटाची वाट लागली ती वेगळी. पहिल्या दोन दिवसांतली लाली, सूज आणि गरमपणा बहुतेक वेळा विषामुळेच असतो. चार-पाच दिवसांनी लाली नव्याने पसरू लागली, पू झाला किंवा ताप आला तर मात्र दाखवाच.

‘मधमाशीला सोडा, गांधीलमाशीला व्हिनेगर’ हे आपण सगळ्यांनी घोकलंय. पण विष कातडीच्या आत आणि लेप बाहेर! शिवाय मधमाशीच्या विषात मुख्य त्रास मेलिटिनसारख्या घटकांचा, सोडा ज्याला मारतो म्हणतात त्या नुसत्या आम्लाचा नाही. लेपाचा गारवा बरा वाटतो, इतकंच. त्यापेक्षा फडक्यात गुंडाळलेला बर्फ 10 मिनिटं ठेवा, थोडं थांबून पुन्हा ठेवा, आणि हात उशीवर उंच. खाजेला सेटिरिझिनने (अ‍ॅलर्जीची गोळी) मला आराम पडला. तुमची दुसरी औषधं चालू असतील तर विचारून घ्या. मी डॉक्टर नाही.

आणि हो, धाप लागली, ओठ-जीभ सुजली, अंगभर गांधी उठल्या, चक्कर किंवा उलट्या सुरू झाल्या तर घरगुती काही करत बसू नका. तिथे अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शनच लागतं, तेही ताबडतोब. तोंडात किंवा घशात चावली तरी तडक दवाखाना गाठा. शीतपेयाचा उघडा डबा तोंडाला लावण्याआधी आत बघायची सवय मला तेव्हापासून लागलीय.

अंगठी होती का? निघाली का? कळवा.