भाच्याच्या बारशासाठी क्रोशाचं पहिलं झबलं कसं विणावं?

तुम्ही विचारलंय की भावाच्या बाळाचं बारसं श्रावणात खानापूरला आहे, क्रोशाचे साखळी आणि खांब हे दोनच टाके येतात, तर आत्या म्हणून हाताने विणलेलं काय नेता येईल. झबलं विणा. कुंची रीतीपुरती शिवून घ्या. ती त्या दिवशी घालतात आणि मग ट्रंकेत जाते. झबलं मात्र रोज अंगावर राहील.

आणि ते पुढून उघडंच विणा. तान्ह्या बाळाने मान धरलेली नसते, डोक्यावरून कपडा घालताना आईचा जीव वरखाली होतो. शिवाय बाळ पाठीवर निजलेलं असतं, मागच्या बंदांच्या गाठी टोचतात.

चार पदरी अ‍ॅक्रिलिकची बेबी लोकर साधारण शंभर ग्रॅम आणि साडेतीन मिलिमीटरची सुई घ्या. बेळगावात आलात की खडे बाजार, गणपत गल्लीकडे बघा, आणि सगळे गुंडे एकाच लॉटचे घ्या, नाहीतर रंगात फरक दिसतो. एरवी मला सुती दोराच आवडतो, पण खानापूरच्या पावसात सुती विणकाम लवकर वाळत नाही. आत मऊ मलमलचं झबलं घातलं की झालं. एक मात्र फार सांभाळा: अ‍ॅक्रिलिक आगीजवळ वितळतं. बाळाला शेक-धुरी देताना हे झबलं आधी काढून ठेवायचं, हे वहिनीला आणि घरातल्या आजींना बजावून सांगा. इस्त्रीही नको.

गळ्यापासून खाली विणत गेलं की शिवणच येत नाही. 58 साखळ्या घाला, हात सैल ठेवून. पहिला खांब चौथ्या साखळीत. सोडलेल्या तीन साखळ्या हाही एक खांबच धरायचा. पहिली ओळ अशी: पुढचा भाग 8 खांब, कोपरा, बाही 10, कोपरा, पाठ 16, कोपरा, बाही 10, कोपरा, पुढचा दुसरा भाग 8. कोपरा म्हणजे एकाच घरात खांब, एक साखळी, खांब. ओळ संपली की तीन साखळ्या घालून काम उलटवा. पुढे खांबावर खांब, आणि कोपऱ्याच्या साखळीत पुन्हा खांब-साखळी-खांब. दर ओळीला आठ खांब वाढतात. 11 ओळींनंतर पुढचे भाग 19-19, बाह्या 32-32 आणि पाठ 38 भरायला हवी. जुळत नसेल तर बहुतेक एखादा कोपरा सुटलेला असतो. तिथपर्यंत उसवा, पुढे दामटू नका.

बाराव्या ओळीत पुढचा भाग विणून चार साखळ्या घाला, बाहीचे खांब तसेच सोडून थेट पाठीवर या. दुसऱ्या बाजूलाही तसंच. एकूण 84 खांब होतील. दहा सेंटिमीटरात 18 खांब बसत असतील तर घेर 46-47 सेंटिमीटर येतो, बाळाला पहिले काही महिने ऐसपैस. म्हणून आधी छोटा तुकडा विणून मोजाच. खांब जास्त बसले तर सुई चार मिलिमीटरची घ्या. मग सरळ 12-13 ओळी खाली. बाह्यांना काखेत लोकर जोडून गोलाकार तीन-चार ओळी पुरे.

जाळीच्या नक्षीचा मोह होईल, पण तान्ह्याची बोटं जाळीत अडकतात. घट्ट खांबच ठेवा. मणी, मोती नकोत. बंद साखळीचेच करा, दहा-बारा सेंटिमीटरचे, दोन जोड्या, छातीवर आणि त्याखाली. गळ्याशी एकही नको. लोकरीची टोकं आतून नीट ओवून टाका, सुटं टोक बोटाला गुंडाळलं जाऊ शकतं. नेण्याआधी सौम्य साबणाने एकदा धुवा आणि दोरीवर न टांगता टॉवेलवर पसरून वाळवा, टांगलं की लांबतं.