घरच्या घरी पाळणाघर सुरू करायचं असेल तर आधी काय ठरवावं?

खेळणी आणि भिंतीवरची चित्रं नंतर. आधी वयोगट ठरवा, कारण सगळं गणित तिथेच अडतं. एका वर्षाखालच्या 3 ते 4 बाळांमागे एक माणूस लागतोच, तर चार-पाच वर्षांची 8 ते 10 मुलं एकजण सांभाळू शकतो. म्हणजे तान्ह्या बाळांची फी जास्त ठेवूनही हातात कमी उरतं. पहिल्या वर्षी दोन वर्षांपुढचीच मुलं घ्या, असं मी म्हणेन. आणि मुलं कितीही कमी असली तरी दोन मोठी माणसं हवीत. एक मूल पडलं, तर बाकीच्यांकडे कोण बघणार?

परवाना, आगीपासून सुरक्षितता, विमा या गोष्टी जागा पक्की करण्याआधीच विचारून घ्या.

भांडणं होतात ती दोनच गोष्टींवरून: आजारपण आणि उशीर. ताप उतरून, तोही औषधाशिवाय, 24 तास झाल्याशिवाय मूल आणायचं नाही, हे प्रवेशाच्या वेळीच लिहून सही घ्या. उशिरा नेणाऱ्यांना जादा आकार लावा. (पहिल्यांदा सांगताना जीभ अडखळते, नंतर सवय होते.) फी महिन्याच्या सुरुवातीलाच घ्या, मूल चार दिवस आलं नाही म्हणून पगार आणि भाडं थांबत नाही.

मुलाला न्यायला कोण येणार त्यांची नावं लेखी हवीत. यादीत नाव नसेल तर सख्ख्या मामालाही आधी फोन केल्याशिवाय मूल देऊ नका. तान्ही बाळं घेतलीत, तर त्यांना उशी न देता पाठीवरच झोपवा.