स्टेपनी खाली येईना, चावी सापडेना

प्रश्न : जुनी इनोव्हा घेतली आहे. स्टेपनी मागे गाडीच्या पोटाखाली टांगलेली असून तिच्या साखळीला आधीच्या मालकांनी कुलूप घातलंय. चावी त्यांच्याकडेही नाही. कोकणात जाण्याआधी स्टेपनी उतरवून हवा बघायची आहे. काय करावं? (सातारा)

उत्तर : लगेच ग्राइंडर आणू नका. चाकांच्या मागे सतत चिखल उडतो, त्यामुळे आधी कुलूप ब्रशने घासून भोकात डब्ल्यूडी-४० मारा आणि पंधरा मिनिटं थांबा. मग चावीवाल्याला गाडीपाशीच बोलवा. भोक गंजलेलं नसेल तर तो कुलूप न तोडता चावी बनवू शकतो. आरसी बुक जवळ ठेवा. ते न बघताच काम करणारा चावीवाला आपल्यालाही नकोच.

ते जमलं नाही तरच कुलूप कापायचं. साध्या कुलपाची कडी बोल्ट कटरने तुटते, कडक पोलादाच्या कडीला मात्र ग्राइंडर लागतो, आणि तिथेच गडबड होते. ठिणग्या थेट टायरवर उडतात आणि डिझेलची टाकी व पाइपही फार लांब नसतात. मध्ये ओलं गोणपाट धरा, शेजारी पाण्याची बादली ठेवा. गाडीत सीएनजी किट असेल तर तिथे ग्राइंडर चालवूच नका. कापायची ती कुलपाची कडी. साखळी कापलीत तर अख्खी विंच (साखळी गुंडाळून चाक वर-खाली करणारी यंत्रणा) बदलावी लागेल. शिवाय चाक अचानक सुटलं तर वीस-पंचवीस किलो वजन हातावर येईल, म्हणून कापण्याआधी खाली लाकडी ठोकळे रचून ठेवा.

कुलूप गेलं की जॅकचा दांडा जोडून विंचच्या भोकात घाला आणि घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवा. चाक जमिनीला टेकून साखळी सैल पडली की थांबा. त्यापुढेही फिरवत राहिलात तर साखळी आत अडकते. साखळीच्या टोकाची पट्टी तिरकी करून रिमच्या मधल्या भोकातून काढली की चाक मोकळं. दांडा फिरतोय पण चाक हलत नाही, असं झालं तर विंचमध्ये माती आणि गंज बसलाय. तेल मारून रात्रभर मुरू द्या. जोर लावलात तर दांडा बसतो ती खाच झिजते.

परत चढवताना पट्टी भोकात सरळ बसली का ते बघा, पूर्ण घट्ट करा आणि चाक हाताने हलवून पाहा. खडखडलं तर पुन्हा उतरवा, कारण ढिली स्टेपनी रस्त्यात गळून पडते. हवा नेहमीपेक्षा ३-४ पीएसआय जास्त भरा. रस्त्यात मागचंच चाक बसलं तर गाडी खाली येते आणि स्टेपनी बाहेर ओढायला जागा उरत नाही. तेव्हा आधी जॅक लावावा लागतो, पण अंग गाडीखाली घालू नका, चाक दांड्याने ओढा.

प्रश्न : अलॉय व्हीलच्या प्रत्येक चाकाला एक लॉक नट आहे. त्याची चावी हरवली. पंक्चरवाला म्हणतो, वेल्डिंग करून काढू. (नाशिक)

उत्तर : करू देऊ नका. त्या उष्णतेने अलॉय खराब होतो, आणि हवा भरलेला टायर तापून फुटला तर जीवावर बेतेल. ही चावी म्हणजे बोटभर लांबीचा सॉकेट. मागच्या वेळी अलाइनमेंट केलेल्या दुकानात आधी विचारा, बऱ्याचदा ती त्यांच्या पान्यातच राहिलेली असते. मग ग्लोव्ह बॉक्स, टूलची पिशवी, स्टेपनीखालचा खड्डा बघा. नटांच्या पाकिटातल्या कार्डावर नंबर असेल तर तीच चावी पुन्हा मागवता येते.

काहीच मिळालं नाही तर नटापेक्षा किंचित लहान, बारा कोनांचा सॉकेट हातोडीने ठोकून बसवा आणि लांब दांड्याने सावकाश फिरवा. नटाची बाहेरची रिंग नुसतीच गरगरत असेल तर हा उपाय लागू पडत नाही, त्याला उलट्या आट्यांचा नट-रिमूव्हर लागतो. नवे नट घेताना आटे आणि बैठक (नट रिमला टेकतो तो भाग) दोन्ही जुळवा. आट्यांचं माप (व्यास × दोन आट्यांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये) : मारुतीला १२ × १.२५, टोयोटा-होंडाला १२ × १.५. होंडाच्या मूळ नटाची बैठक गोल असते, बाकीच्या बहुतेकांची निमुळती. चुकीची बैठक असलेला नट घट्ट वाटतो आणि चालत्या गाडीत सैल होतो. आणि लॉक नटावर एअर गन नको. चावी मोडते ती तिथेच.

प्रश्न : बॅटरी उतरली, डिकी बटणाने उघडत नाही आणि स्टेपनी आतच. (पुणे)

उत्तर : स्मार्ट चावीच्या पोटात लोखंडी चावी असते. बाजूची खिट्टी सरकवून ती काढा आणि ड्रायव्हरचं दार उघडा. हॅचबॅक असेल तर मागची सीट पाडून डिकीत शिरता येतं. बऱ्याच गाड्यांत डिकीच्या दाराला आतून छोटं झाकण असतं, ते काढून आतला खटका स्क्रूड्रायव्हरने सरकवला की दार उघडतं. आत सामान खच्चून भरलेलं असेल तर आधी जंप स्टार्टची केबल शोधा, तेच लवकर होईल.