गाडी खाली घ्यायची, पण आधी टायर ठरवा

मोठी चाकं बसवून गाडी खाली घेण्याबद्दल आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: माझी २०१८ची पोलो आहे, मूळ टायर १८५/६० आर१५ (रुंदी मिमीत, बाजूची भिंत रुंदीच्या टक्क्यांत, रिम इंचात). १७ इंची, साडेसात इंच रुंद, ईटी ३५ अशी रिम्स घेतली आहेत. टायर अजून घ्यायचे आहेत. गाडी रोज चालते आणि महिन्यातून एकदोनदा चौघं सामानासह आंबोली किंवा गगनबावड्याला जातो. पुढच्या कमानीत चार बोटं फट दिसते, ती घालवायची आहे. नुसत्या स्प्रिंग बदलू की कॉइलओव्हर (उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा संच) घेऊ? (कोल्हापूर)

उत्तर: टायर घेतले नाहीत हे बरं झालं. गाडी किती खाली बसू शकते हे आधी टायर ठरवतो, स्प्रिंग नंतर.

तुमच्या मूळ टायरचा व्यास ६०३ मिमी आहे. २१५/४० आर१७ चा व्यास ६०४, म्हणजे जवळजवळ तोच. पण त्याची बाजूची भिंत ८६ मिमी भरते, मूळ टायरची १११ होती. २०५/४५ आर१७ ची भिंत ९२ मिमी आणि व्यास ६१६. तो घेतला तर गाडी साडेसहा मिमी वर उचलली जाते, कमानीतली फट तेवढीच भरते आणि स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा साधारण दोन टक्के कमी दाखवू लागतो. तुमच्या रस्त्यांसाठी आम्ही २०५/४५ सुचवू. पावसाळ्यातल्या खड्ड्यात हे सहा मिमी रबर रिम वाचवू शकतं. या मापाला साडेसात इंच ही रिमच्या रुंदीची वरची मर्यादा आहे, म्हणून रिमची कड टायरच्या बाहेर जरा उघडी राहील. फुटपाथला घासून गाडी लावू नका. टायरवर भारांक ८८ पाहून घ्या. मूळचा ८४ म्हणजे एका चाकाला ५०० किलो, ८८ म्हणजे ५६०. मात्र एक्सएल, म्हणजे जादा भाराच्या खुणेचा टायर तेवढाच भार पेलायला थोडी जास्त हवा मागतो, तेव्हा मूळ आकड्यापेक्षा दोनतीन पीएसआय वर ठेवा.

आता ऑफसेट, म्हणजे ईटी: रिमच्या रुंदीच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती मिमी बाहेर आहे तो आकडा. मूळ रिमच्या मागच्या बाजूला ईटीचा आकडा कोरलेला असतो, तो वाचा. समजा तो सहा इंच रुंदीला ४० निघाला. मग नवं रिम बाहेरच्या बाजूला २४ मिमी आणि आतल्या बाजूला, म्हणजे स्ट्रटकडे (पुढच्या स्प्रिंग-शॉकअपच्या खांबाकडे), १४ मिमी सरकतं. हिशेब सोपा आहे: अर्धी रुंदी वजा ईटी ही बाहेरची कड, अर्धी रुंदी अधिक ईटी ही आतली. टायर आणि स्ट्रटमध्ये निदान पाच मिमी मोकळं राहायलाच हवं. बाहेर आलेले २४ मिमी मागच्या कमानीच्या दुमडलेल्या पत्र्याखाली येतात, आणि गाडी किती खाली घेता येईल याची हद्द बहुतेक वेळा तिथेच ठरते. एक रिम टायरसकट मागे बसवा, त्या बाजूची स्प्रिंग काढा आणि जॅकने चाक बंप रबरापर्यंत (चाकाची वरची चाल संपते तिथलं रबर) वर ढकला. टायर पत्र्याला लागतो की नाही, हे पैसे खर्च होण्याआधी कळेल.

पोलोच्या हबचा मधला उंचवटा ५७.१ मिमीचा आहे. बाजारातल्या अनेक रिम्सचं भोक त्याहून मोठं असतं, आणि मध्ये रिंग नसेल तर रिम नेमकं मधोमध बसत नाही. ताशी ८०–९० ला स्टिअरिंग थरथरतं आणि बॅलन्सिंग कितीही वेळा केलं तरी जात नाही. बोल्टही तपासा. मूळ बोल्टचं बूड गोल असतं, बाहेरच्या बहुतेक रिम्सना शंकूच्या आकाराचं लागतं. चुकीचा बोल्ट कडेच्या बारीक रेघेवरच टेकतो आणि हळूहळू सैल होतो. आवळणी १२० न्यूटन मीटर, आणि ५० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा टॉर्क पान्याने.

राहिला स्प्रिंगचा प्रश्न. तुमच्या वापराला २५ ते ३० मिमी खाली नेणाऱ्या स्प्रिंग आणि त्यांच्यासाठीच बनवलेले आखूड दांड्याचे शॉकअप, असा जोड घ्या. नुसत्या स्प्रिंग बदलून मूळ शॉकअप ठेवले तर पहिले काही महिने गाडी छान वाटते. पण शॉकअपचा दांडा आता कायम ३० मिमी आत असतो, त्यामुळे खड्ड्यात चाकाला वर जायला तेवढी कमी जागा उरते. शिवाय जास्त कडक स्प्रिंगची उसळी थोपवण्याइतकं बळ जुन्या शॉकअपमध्ये नसतं. चौघं आणि सामान बसलं की गाडी सतत बंप रबरावर आपटू लागते, आणि मग शॉकअपची सील गळायला वेळ लागत नाही.

किती जागा शिल्लक आहे हे अंदाजाने ठरवू नका. मागच्या शॉकअपचं धूळ-रबर वर सरकवून दांड्यावर, सिलिंडरला टेकवून, प्लॅस्टिकचा केबल टाय बांधा. चौघांसह नेहमीच्या घाटात जाऊन या. टाय वर सरकून जिथे थांबला तिथून बंप रबरापर्यंतचं अंतर म्हणजे तुमची शिल्लक. ते ३० मिमीपेक्षा कमी निघालं तर मूळ शॉकअपवर ३० मिमी खाली जाण्याचा विषयच संपला.

कॉइलओव्हर चांगले असतात, पण त्यांचा खरा उपयोग चारही कोपऱ्यांची उंची आणि वजन जुळवणाऱ्याला होतो. घेणारच असाल तर दोन गोष्टी विचारा. एक, सर्वात वरच्या आट्यावर गाडी मूळपेक्षा किती खाली बसते. ते ४० असेल तर तुमच्यासाठी तो संच नाही. दोन, उंची स्प्रिंगच्या बशीने बदलते की खालचा तुकडा फिरवून. दुसऱ्या प्रकारात गाडी खाली घेतली तरी शॉकअपची चाल कमी होत नाही. आट्यांमध्ये पावसाळ्याचा चिखल घट्ट बसतो. ब्रशने धुऊन अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलं नाही तर दुसऱ्या वर्षी नट जागचा हलत नाही.

३० मिमीपेक्षा जास्त खाली जाऊ नका, यामागे आणखी एक कारण आहे. पुढच्या मॅकफर्सन सस्पेन्शनमध्ये लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) चाकाकडे उतरता असतो. गाडी फार खाली बसली की तो आडवा होतो, मग चाकाकडे चढता. तिथून पुढे वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती झुकते तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने खाली जातो. स्प्रिंग कडक करूनही घाटातल्या वळणावर गाडी जास्त झुकते, आणि बाहेरचं चाक जेवढं सरळ उभं राहायला हवं तेवढं राहत नाही. सपाट रस्त्यावर गाडी उभी करून आर्मच्या आतल्या आणि बाहेरच्या टोकाची जमिनीपासूनची उंची मोजा. बाहेरचं टोक वर गेलं असेल तर गाडी गरजेपेक्षा खाली आहे.

बसवताना सर्वात जास्त चुका बुशच्या (सांध्यातल्या रबराच्या) बाबतीत होतात. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळत असताना लोअर आर्मचे बोल्ट आवळले की बुशचं रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडलं जातं. गाडी खाली उतरल्यावर ते कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. हे बोल्ट अर्धे लावा, चाकांवर वजन येऊ द्या, मगच शेवटची आवळणी करा. मागच्या बीमच्या बुशलाही हेच लागू आहे. स्ट्रटचा वरचा नट इम्पॅक्ट गनने मारू देऊ नका. दांडा गरगर फिरून सील खराब होते. मागची स्प्रिंग पोलोत शॉकअपपासून वेगळी बसते, म्हणून जॅकवर चाक पूर्ण लोंबलेलं असताना ती हाताने हलवून पाहा. सैल लागली तर शॉकअप लांब आहे किंवा स्प्रिंग आखूड. असा जोड परत करा. मोठ्या खड्ड्यातून उसळल्यावर स्प्रिंग बशीतून निसटू शकते.

गाडी किती खाली गेली हे हबच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंत मोजायचं, आधी आणि नंतर. जमिनीपासून मोजलंत तर टायरचा फरक त्यात मिसळतो. शेवटी हेडलाइटची पातळी जुळवून घ्या.

प्रश्न: स्विफ्टच्या स्प्रिंगचं एकेक वेटोळं कापून देतो, खर्च फारसा नाही, असं गॅरेजवाले सांगतात. करू का? (सातारा)

उत्तर: करू नका. स्प्रिंगचा कडकपणा काम करणाऱ्या वेटोळ्यांच्या उलट प्रमाणात बदलतो. सहापैकी एक कापलं तर ती २० टक्के कडक होते. आकडे धरून पाहा: एका स्प्रिंगवर ३००० न्यूटन भार आणि मूळ कडकपणा मिमीला २० न्यूटन, तर ती १५० मिमी दबते. कापल्यावर २४ न्यूटनने १२५ मिमी दबेल. कापलेल्या वेटोळ्याची उंची ५० मिमी असेल तर गाडी २५ मिमीच खाली येईल. चाल मात्र २५ मिमीने घटली, शॉकअप जुनेच राहिले आणि बशीत नीट बसणारं टोक गेलं. कापलेलं टोक बशीवर एकाच बिंदूवर टेकतं, रबर चिरतं आणि वळताना खटखट आवाज करतं. गॅसने तापवून स्प्रिंग बसवणं तर याहून वाईट. पोलादाला दिलेलं पाणी उतरतं, स्प्रिंग बसतच जाते आणि एक दिवस तुटते. ही सूचना देणाऱ्याकडून सस्पेन्शनचं दुसरं कोणतंही काम करून घेऊ नका.

प्रश्न: गाडी ३५ मिमी खाली घेतली. तीन हजार किलोमीटरमध्ये पुढच्या दोन्ही टायरची आतली कड गुळगुळीत झाली. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) जास्त झाला असेल का? (नाशिक)

उत्तर: उणे दीड अंशापर्यंतचा कॅम्बर इतक्या लवकर टायर खात नाही. हे काम टोचं, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर वळलेली असण्याचं आहे. गाडी खाली गेली की टाय रॉडचा कोन बदलतो आणि चाकं पुढून उघडी किंवा बंद होतात. एकूण टो १७ इंची रिमवर फक्त ३ मिमीने बिघडला तरी प्रत्येक टायर एका किलोमीटरमागे साडेतीन मीटर आडवा घासला जातो. तीन हजार किलोमीटरमध्ये हे साडेदहा किलोमीटर होतात. कॅम्बरमुळे वजन आतल्या कडेवर असतं, म्हणून ती कड आधी जाते आणि दोष कॅम्बरला मिळतो.

नव्या स्प्रिंग साधारण ५०० किलोमीटरमध्ये थोड्या बसतात, म्हणून अलाइनमेंट लगेच एकदा आणि त्यानंतर एकदा करा. टाकी अर्धी, टायरमध्ये हवा बरोबर, आणि नेहमी एकटेच चालवत असाल तर चालकाच्या जागी तेवढं वजन. टो दोन्ही टाय रॉडवर सारखा वाटून घ्यायला सांगा, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसेल. ज्या गाड्यांत स्ट्रट दोन बोल्टांनी नकलला (हब धरणाऱ्या तुकड्याला) जोडलेला असतो, तिथे वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट घालून एखादा अंश परत मिळवता येतो. त्यानंतर टो पुन्हा जुळवावाच लागतो.

प्रश्न: ३० मिमी खाली घेतलेली हॅचबॅक गतिरोधकावर घासेल का? (मडगाव)

उत्तर: इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मानकाप्रमाणे बांधलेला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो. अडीच मीटरच्या आसपास व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असेल तर दोन्ही चाकं एकाच वेळी त्यावर असतात आणि गाडीच्या पोटाखालची जागा जेमतेम ४५ मिमी कमी होते. अशा गतिरोधकावर तुमची गाडी घासणार नाही. घासते ती गल्लीतल्या अरुंद, उभट वरंब्यांवर; तिथे वरंब्याची पूर्ण उंची पोटाखाली येते. असे वरंबे तिरके ओलांडा. आणि ब्रेक चढण्याआधी सोडा, कारण ब्रेकवर नाक खाली दबलेलं असतं आणि आधी बंपरच लागतो.

प्रश्न: आरटीओ आणि विमा यांचं काय? (पुणे)

उत्तर: मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीतल्या, उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करायला मनाई आहे. त्यामुळे काम करण्याआधी आपल्या आरटीओत विचारून घ्या, रिम आणि सस्पेन्शनची बिलं जपा आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. मूळ स्प्रिंग आणि शॉकअप भंगारात देऊ नका. तेल पुसून, डावं-उजवं लिहून कोरड्या जागी ठेवा.