पोच घेतलीस का?

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. दुचाकी चोरीला गेली याचं वाईट वाटलंच, पण खरा त्रास झाला तो शेवटच्या दोन ओळींचा. विमा एजंट म्हणतोय, दोन किल्ल्यांपैकी हरवलेल्या किल्लीच्या जागी नवी कापून विमा कंपनीत जमा कर आणि चोरी कालच झाली असं सांग. यावर काय करावं हे तुला कळतं, म्हणूनच तू मला विचारलंस. खोटं बोलू नये हे सांगण्यात मी वेळ घालवणार नाही. फक्त एवढं लक्षात घे, की ते खोटं टिकतही नाही. कंपनीचा इन्व्हेस्टिगेटर किल्ली हातात घेऊन बघतो. रोज वापरातल्या किल्लीच्या कडा झिजलेल्या असतात, काल कापलेलीच्या धारदार. मग तो तुझ्या शेजाऱ्यांना विचारतो, गाडी शेवटची कधी पाहिली? एवढ्यावर तुझा खरा क्लेमसुद्धा खोटा ठरतो.

किल्ली हरवली होती तर तसं लिही. कधी, कुठे, साधारण कशी. पोलिसांकडे गहाळ वस्तूची नोंद कर आणि त्या नोंदीची प्रत क्लेमच्या कागदांना जोड. कंपनी कुरकुर करेल, निष्काळजीपणा म्हणेल. म्हणू दे. एका ट्रकची किल्ली गाडीलाच राहिली आणि ट्रक चोरीला गेला, त्या प्रकरणात 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 75 टक्के रक्कम द्यायला लावली. म्हणजे चुकीलासुद्धा भाव मिळतो, बनवाबनवीला मिळत नाही.

आता तारखेचं. तू लिहिलंस की चोरी झाली त्याच रात्री पोलीस चौकीत गेलो होतो, तिथे म्हणाले दोन दिवस शोधा, मित्रांनी नेली असेल, मग या. तू घरी आलास. ठीक. पण पोच घेतलीस का? नाही. लेखी अर्ज दिलास का? नाही. मग तू गेलाच नव्हतास! रागावू नकोस, कागदाच्या जगात हे असंच असतं. मी आयुष्य आवक-जावकच्या टेबलावर काढलं. माणूस समोर रडून गेलेला असायचा, पण रजिस्टरमध्ये नोंद नसेल तर साहेब विचारायचे, "कोण माणूस?"

तरी तू 112 ला फोन केला होतास, हे नशीब. त्या कॉलचा स्क्रीनशॉट आत्ता काढ, वाचून झाल्यावर नाही. आणि उद्या सकाळी ठाणे अंमलदारासमोर बसशील तेव्हा फिर्यादीतच सांग, की अमुक रात्री इतक्या वाजता आलो होतो, शोध घ्यायला सांगितलं, म्हणून आज फिर्याद देत आहे. उशिराचं कारण फिर्यादीत असलं की ते कारण असतं. नंतर वकिलाने सांगितलं की ती सबब होते.

फिर्याद म्हणजे एफआयआर. साधा तक्रार अर्ज नव्हे. अर्जावर शिक्का मारून "जा आता" म्हणतील, त्याने क्लेम पुढे सरकत नाही. गुन्हा रजिस्टर नंबर हवा, कलम हवं. 1 जुलै 2024 पासून चोरीला भारतीय न्याय संहितेचं कलम 303 लागतं. प्रत तुला फुकट मिळते, तो तुझा हक्क आहे. नोंदवायलाच तयार नसतील तर भांडत बसू नकोस. तोच मजकूर रजिस्टर पोस्टाने पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तालयाच्या हद्दीत असशील तर तिथल्या वरिष्ठांना पाठव, आणि पोस्टाची पावती जप. दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट तपास करता येतो अशा गुन्ह्याची माहिती मिळाली की तो नोंदवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्येच स्पष्ट केलंय. प्रत हातात आली की इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसी बुकाशी एकेक आकडा लावून बघ. तीन आणि आठ यांची गल्लत झाली की पुढे सगळे कागद अडतात.

कंपनीला एजंटने कळवलंय म्हणालास. कशावरून? त्याने व्हॉट्सअॅपवर अंगठा पाठवला म्हणून? अंगठ्याला आवक नंबर नसतो. तू स्वतः कंपनीच्या अधिकृत मेलवर लिही, टोल फ्री नंबरवर फोन कर आणि क्लेम नंबर मागून घे. कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून हातपाय गाळू नकोस. एका ट्रॅक्टरच्या चोरीत एफआयआर लगेच झाला होता, पण विमा कंपनीला 52 दिवसांनी कळलं. तरी 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की निव्वळ त्या उशिरावर क्लेम फेटाळता येत नाही. पण तिथे पोलिसांकडचा कागद वेळेवर होता. तुझं नेमकं तेच लंगडं आहे, म्हणून म्हणतो, उद्याच जा.

त्याआधी पॉलिसी उघड. कव्हर फोटो नव्हे, आतलं पान. सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. त्यामुळे निम्म्या लोकांना वाटतं, आपली गाडी पाच वर्षं विम्यात आहे. ती असते, पण दुसऱ्याला धडकण्यापुरती. चोरी येते ओन डॅमेजमध्ये, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्यात, आणि तो भाग बहुतेक वेळा एकाच वर्षाचा असतो. तो चालू नसेल तर पुढचं पत्र तुझ्या कामाचं नाही, फक्त एफआयआर कर. कारण चोराने त्या गाडीवर काही उद्योग केला तर पोलीस पहिल्यांदा तुझ्या दारात येणार. चोरीनंतर तुझ्या नावावर ई-चलान आलं तर घाबरून भरून टाकू नकोस. त्यावर जागा आणि वेळ असते. लगेच तपास अधिकाऱ्याला लेखी दे. आणि हो, पोच घे.

रक्कम आयडीव्हीप्रमाणे, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीप्रमाणे मिळेल, शोरूमच्या बिलाप्रमाणे नाही. गाडी दोन ते तीन वर्षांची असेल तर किमतीतून 30 टक्के घसारा धरलेला असतो. "रिटर्न टू इनव्हॉइस", म्हणजे बिलाची रक्कम देणारं जादा कव्हर घेतलं असशील तर गोष्ट वेगळी, पण तू घेतलं नसणार, तुझ्या वयात कोणी घेत नाही. कर्ज आहे म्हणतोस, म्हणजे पैसे आधी फायनान्सवाल्याकडे जातील, उरले तर तुला. आणि "गाडीच नाही तर हप्ता कसला" हे डोक्यातून काढ. हप्ता थांबवलास तर गाडी गेलीच, वर सिबिल, म्हणजे कर्जफेडीची पतही जाईल.

मग सुरू होते वाट बघणं. पोलिसांनी तपास करून गाडी मिळाली नाही असा शेवटचा अहवाल द्यावा लागतो. आपल्याकडे त्याला ए समरी म्हणतात: गुन्हा खरा, पण आरोपी आणि माल सापडला नाही. तो कोर्टात दाखल होऊन त्याची प्रत मिळेपर्यंत कंपनी बहुधा पैसे सोडत नाही. यात महिने जातात. या काळात माणसं फोन करून थकतात आणि सोडून देतात. फोन करू नकोस, असं मी म्हणत नाही, कर, पण फोन ठेवला की दोन ओळींचा मेल टाक: "आज आपलं बोलणं झालं, आपण अमुक कागद मागितला." एवढंच. समोरचा लगेच सावध होतो.

माझी गाडी गेली होती तेव्हा मी हेच केलं. आमचा एजंट शेजारचाच होता, घरोब्याचा. "काका, तुम्ही निवांत राहा, मी बघतो," म्हणाला. मी त्याच्याकडेही पोच मागितली. त्याला ते इतकं लागलं, की त्याने येणं-जाणं तोडलं. घरातले अजून म्हणतात, एका कागदापायी माणूस तोडलात. असेल. पुढे कंपनीने "आम्हाला कळवलंच नाही" असं पत्र पाठवलं तेव्हा तोच कागद मी त्यांच्यापुढे टाकला, हे मात्र घरात कोणाला आठवत नाही. त्याच्याशी बोलणं तुटल्याची रुखरुख आहे, नाही कशी? सणाला त्याच्या दारावरून जाताना पाय अडखळतो. पण पुन्हा वेळ आली तर पुन्हा पोच मागेन. जो खरंच काम करणार असतो त्याला सही करायला जड का जावं? मला आजतागायत याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

असो, माझं पुराण पुरे.

क्लेम फेटाळला तर तोंडी ऐकून परत येऊ नकोस. कारण लेखी माग. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, सोबत आयआरडीएआय या विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. तिथे फी नाही, वकील लागत नाही. मात्र कंपनीने नकार दिल्यापासून वर्षाच्या आत जावं लागतं. ग्राहक आयोगाला दोन वर्षांची मुदत आहे. या मुदती मोजायच्या कशावरून? पत्रावरच्या तारखेवरून. बघ, आलो ना परत तिथेच.

क्लेम मंजूर झाला की ते तुझ्याकडून हक्क सोडल्याचं पत्र, हमीपत्र, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे आरटीओचे फॉर्म 28, 29, 30 सह्या करून मागतील. फॉर्म कोरे असतात, ते घाबरण्यासारखं नाही, रीत आहे; गाडी पुढे सापडली तर ती कंपनीची होणार असते. पैसे मिळायच्या आधीच सापडली तर मात्र कोर्टातून सुपूर्तनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा हमीवर सोडवून घ्यायची आणि त्याच दिवशी कंपनीला कळवायचं. फॉर्म, आरसी, असलेली एक किल्ली, जे जे देशील त्याची यादी कर, दोन प्रती काढ आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही, तारीख घे. काउंटरवरची मुलगी म्हणेल, "सर, आमच्याकडे असं देत नाहीत." तू हसून तिथेच उभा राहा. रांग वाढली की देतात.

तुझा,
काका

ता. क. एजंटला उत्तर देऊ नकोस. दिलंसच तर मेलवर दे.